बेलपांढरीच्या झाडांवर मी घातलेले आकडे

नागपूरहून परत आल्यावर देवरुखात भेटलेल्या प्रत्येकानं मला संत्री कुठायत म्हणून विचारलं. संत्री मी आणलीच नाहीत. मी आणली ती गेरूनं तांबडी झालेली दहा नखं, अंगठा तुटलेली चप्पल आणि भिवापुरी मिरचीचं एक पुडकं, ज्याला आमच्या घरात अजून कुणी हात लावलेला नाही. बाकी जे आणलं ते सांगण्याजोगं आहे, म्हणून लिहायला बसले.

मी चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. तेहतीस वर्षं कोकणातल्या पोरांकडून कळशी आणि केळ्यांचा घड काढून घेतला. माझं अक्षर सुंदर आहे. हे मीच सांगते, कारण दुसऱ्यानं म्हणायची वाट बघत बसण्याचं वय गेलं. मार्चच्या शेवटी बहिणीच्या मुलाकडे, सुमितकडे, हुडकेश्वरला आठ दिवस आराम करायला गेले होते. दुसऱ्याच दिवशी आरामाचा कंटाळा आला, म्हणून त्याच्या फाटकावर त्याचं नाव रंगवायला घेतलं. 'सु'चा उकार ओढत होते, तेवढ्यात मागं एक स्कूटी थांबली. चालवणारीचं डोकं, तोंड, मान सगळं ओढणीत गुंडाळलेलं. आमच्याकडं असं तोंड बांधून कुणी दारात आलं तर आम्ही आधी कडी लावू. नागपुरात मार्चनंतर सगळ्या मुली अशाच दिसतात आणि तरी एकमेकींना लांबून ओळखतात.

ओढणी सुटली आणि आतून प्रणाली निघाली. शेजारच्या घरची, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. तिनं फाटकाकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काकू, तुम्ही आकडे पण लिहिता का?"

आकडे तर माझा हातखंडा, असं मी म्हणून गेले. माणसानं स्वतःची स्तुती जरा बेतानं करावी.

तिचं म्हणणं असं होतं. उमरेडच्या पुढं बेलपांढरी नावाचं गाव आहे, तिच्या आईचं माहेर. गावाला लागून सरकारी कागदात 'झुडपी जंगल' म्हणून लिहिलेली जमीन आहे. नाव झुडपी, पण आत मोहाची मोठमोठी झाडं, तेंदू, चारोळीचं चार, पळस. दिवाळीपासून प्लॉट पाडून विकणाऱ्या एका लेआउटवाल्यानं तिच्याभोवती सिमेंटचे खांब रोवलेत आणि पोहण्याच्या तलावाचं चित्र असलेला बोर्ड लावलाय. त्याच्या अर्जात लिहिलंय की जमीन पडीक, झाडं नाहीत, गावाची वहिवाट नाही. शनिवारी अकरा वाजता अधिकारी जागा पाहून पंचनामा करणार. त्यात जे लिहिलं जाईल तेच वर जाईल, आणि 'झाडे नाहीत' असं लिहिलं गेलं तर पुढच्या आठवड्यात जेसीबी येऊन ते खरं करून टाकेल. म्हणून प्रणाली आणि गावातली सहा पोरंपोरी मिळून प्रत्येक झाडावर नंबर घालणार होती, बुंध्याचा वेढा मोजणार होती, फोटो काढणार होती. अडचण एकच, त्यांच्यातल्या कुणाचाही आकडा दहा पावलांवरून वाचता येत नव्हता.

सुमित म्हणाला, "मावशी, तू आराम करायला आलीयस." मी म्हटलं, तुझं हे घरसुद्धा कुणाच्या तरी तुरीच्या शेतात उभं आहे, तू बोलू नकोस. प्रणाली हसली आणि म्हणाली की तिचंही घर लेआउटमध्येच आहे, त्यामुळं तर असले बोर्ड तिला नीट वाचता येतात.

इतवारी, बुधवार

गेरू आणि कुंचले घ्यायला इतवारीत गेलो. आधी तर्री पोहे खाल्ले. म्हणजे पोहे मी खाल्ले आणि तर्रीनं मला खाल्लं. आम्ही पोह्यांवर खोबरं भुरभुरवणारी माणसं. इथं त्यावर लाल रस्सा ओततात आणि वर विचारतात, अजून देऊ का? मी डोळे पुसत हो म्हणाले. का म्हणाले, ते अजून कळलेलं नाही.

आमच्याकडं हातगाडीवाला 'बाजूला व्हा' म्हणतो आणि आपण बाजूला होतो. इतवारीत ते काम गाडीच करते. भांड्यांच्या गल्लीतून कापडाच्या गल्लीत वळताना एका गाडीनं माझं कोपर बाजूला केलं आणि दोन किलो गेरूची पिशवी एका दुकानासमोरच्या पांढऱ्या ताग्यांवर फुटली. शेटजी हिंदीत सुरू झाले, मध्येच मराठीत आले, पुन्हा हिंदीत गेले. मी शाळेतल्या पोरासारखी मान खाली घालून उभी राहिले. दम लागल्यावर त्यांनी विचारलं, एवढा गेरू कशाला? प्रणालीनं सांगितलं. त्यांनी ताग्यावरचा गेरू झटकला आणि नोकराला म्हणाले, बाईंना पाणी दे, आणि उरलेला गेरू नीट भरून दे. जाताना एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी डब्यात घ्या.

बेलपांढरी, गुरुवार

एसटीनं उमरेड. वाटेत कोळशाच्या खाणीतल्या मातीचे डोंगर दिसतात, इतके मोठे की मी आधी त्यांना खरेच डोंगर समजून कौतुक केलं. शेजारची बाई माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघत राहिली. उमरेडला राकेश मोटरसायकल घेऊन आला होता. गावात त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि गटाचा सगळा कागद त्याच्याकडं. त्याआधी दोन वर्षं तो लेआउटवर जेसीबी चालवायचा. "लई झाडं पाडली, काकू," तो वाटेत म्हणाला. "पाडाले पाच मिनिटं लागते. मोजाले किती लागते, ते आता समजून राहिलं."

मुक्काम प्रणालीच्या मामीकडं, वच्छलामामींकडं. दारात 'जयभीम' झालं, तांब्या हातात आला आणि पाचव्या मिनिटाला ताट. भिवापुरी मिरचीतली वांग्याची भाजी आणि लांब रोटी. ही रोटी मामींनी पालथ्या मडक्यावर टाकली, हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत नेली आणि अलगद सोडली. मी ताट विसरून बघत बसले. मी एक करून पाहिली, ती माझ्या खांद्यावर पडली. मामी हसून भिंतीला टेकल्या. इथं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मामींच्या तोंडून ते ऐकलं की वाटायचं, ही बाई खरंच कुठंही जाऊन येईल.

आता लाजिरवाणी गोष्ट. मामींना आम्ही खोटं सांगितलं. गटाचं ठरलं होतं की गावात कुणालाच कळू द्यायचं नाही. लेआउटवाल्याचा एक माणूस रोज पानठेल्यावर बसायचा, आणि घरात बोललेलं तिथं संध्याकाळपर्यंत पोचायचं. म्हणून सगळे बेत मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये, आणि त्या ग्रुपमध्ये पंचविशीच्या वरचं कुणी नाही. काम दुपारी एक ते चार, जेव्हा सगळं गाव दार लावून कूलरपुढं पडलेलं असतं. मामींना सांगितलं की बाई शाळेच्या भिंतीवर मुळाक्षरं रंगवायला आल्यात. मामी म्हणाल्या, "चांगलं हाय, बाई. पोरं शिकतीन." मला घास गिळवेना. मग तोही गिळला, कारण भाजी फार चांगली होती.

गेरूत डिंक घालू या, म्हणजे टिकेल, असं मी सुचवलं. प्रणालीनं कायदा सांगावा तसं सांगितलं, झाडाला असं काही लावायचं नाही जे पहिल्या पावसात निघून जाणार नाही. तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती.

आणि मग दोन दुपारी मी आयुष्यातलं सगळ्यात आनंदाचं काम केलं. ऊन असं की सावलीसुद्धा भाजत होती. डोक्यावर ओला टॉवेल, हातात डबा. पुढं दोन पोरी शिंप्याच्या टेपनं बुंध्याला मिठी मारून वेढा घ्यायच्या, मागं राकेश फोटो काढायचा, मध्ये मी आकडा घालायची. मोहाच्या सालीवर आकडा घालणं म्हणजे फळ्यावर लिहिणं नव्हे, तिच्या भेगा सांभाळत वळण काढावं लागतं. सदतीस नंबरला मी असा काही साताचा गोल काढला की राकेशनं माझाच फोटो काढला. झाडाखाली मोहाची फुलं पडलेली, पिवळसर, फुगीर, गोड वासाची. मी तोंडात टाकत गेले. शंभराव्या झाडाशी मला डोकं हलकं वाटायला लागलं आणि मी पोरांना गंभीरपणे सांगितलं की मला चढली आहे. पोरं जमिनीवर लोळली. ताजं मोह चढत नाही म्हणे. प्रणाली म्हणाली, "काकू, तुम्हाले ऊन चढलं." मला काय, काहीतरी चढलं होतं एवढं खरं.

शुक्रवारी चारला एकशे ब्याऐंशी झाडं पुरी झाली. आम्ही विहाराच्या मागं बसून बर्फाचे गोळे खाल्ले. प्रणालीनं एरवी कधी काढला नव्हता, पण त्या दिवशी तिनं आईचा विषय काढला. तिच्या आईनं सांगितलं होतं म्हणे, की मोहाच्या दिवसांत माहेरी न्यायला कुणी आलं नाही तर ती गॅलरीत उभी राहून रडायची. आता ती नाही. हे जंगल गेलं तर आईच्या सगळ्या गोष्टी कुठं घडल्या तेच दाखवता येणार नाही, असं प्रणाली म्हणाली. मग लगेच उठून म्हणाली की उद्या साडेदहाला सगळे हजर पाहिजेत.

बेलपांढरी, शनिवार

मला जाग आली तेव्हा घरात झोपलेल्या प्रणालीशिवाय कुणी नव्हतं. मामी पहाटे मोहावर जातात, हे माहीत होतं. अंगणात आले तर रस्त्यानं बायकांची रांग येत होती. टोपल्यांबरोबर बादल्या, हातात गवताचे कुंचे, सगळ्या हसतायत, आणि सगळ्यांचे हात कोपरापर्यंत तांबडे. पुढं मामी, गुडघ्यापर्यंत ओल्या.

"कोनं तरी आमच्या झाडाईले नंबर टाकले होते, बाई," त्यांनी बादली ठेवत सांगितलं. "काल पहाटे थोडे दिसले, आज तं समद्याईवर. धुऊन काढले समदे. एक बी नाई सोडला."

त्यांच्या माहेरी असंच झालं होतं. आधी सागावर नंबर आले, मग कुऱ्हाडी, मग ट्रक. इकडं लहान पोरालाही माहीत आहे की झाडावर आकडा पडला म्हणजे त्याचं भरलं. ही गोष्ट माहीत नसलेली माणसं साऱ्या बेलपांढरीत आठच होती, सात त्या ग्रुपमधली आणि आठवी मी.

मला हसू आलं. येऊ नये तेव्हा येतं तसलं, पोटातून, डोळ्यांतून पाणी काढणारं. माझ्या तेहतीस वर्षांतले सर्वांत देखणे आकडे दोन तासांत चकाचक! मी ओट्यावर बसून हसत होते आणि मागं दात घासायचा ब्रश हातात घेऊन प्रणाली उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी थांबलं.

"मामी, तू विचारलं कोणाले?" ती म्हणाली.

"अन् तू सांगतलं कोणाले, वं?" मामींनी विचारलं.

 माझ्या तांबड्या नखांकडं मामींचं लक्ष गेलं आणि शाळेची भिंत त्यांना समजली. मी हात पाठीमागं नेले.  प्रणाली तशीच चुलीमागं जाऊन बसली. फोटो होते, पण फोटोतला नंबर झाडावर नसेल तर ते झाड कुठलंही म्हणता येईल, असं ती भिंतीला सांगत होती. अधिकारी यायला चार तास होते. पुन्हा लिहायला गेरू उरला नव्हता आणि मामीशी बोलायला ती तयार नव्हती.

मामींनी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत त्यांनी सगळं ऐकून घेतलं, धावत आलेल्या राकेशकडून, कारण भाची बोलेना. मग म्हणाल्या, "नंबर कायले पाहिजे? कोनतं झाड कोनाचं, आमाले मालूम नाई का?"

तेव्हा कुठं आम्हा शहाण्यांना कळलं. इथल्या प्रत्येक मोहाला एक घर आहे. कागदावर नाही, पण कुणाच्या झाडाखाली कुणी झाडायचं आणि कुणी वेचायचं हे सासूकडून सुनेकडं येतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल वाकून कुणी उचलत नाही. झाडांना नावंही आहेत. बुटकं, घुबडाचं, दोन खांद्याचं, बाळंतिणीचं. आम्ही दोन दिवस उन्हात त्यांना एक-दोन-तीन करत होतो.

साडेदहाला वच्छलामामी आणि गावातल्या बायका आपापल्या झाडाखाली टोपली घेऊन उभ्या राहिल्या. ज्यांची दोन झाडं होती त्यांनी दुसऱ्याखाली सून उभी केली. तेंदूची आणि चारोळीची झाडं सगळ्या गावाची, त्यांच्याखाली म्हातारे जाऊन बसले. राकेश फोटोंच्या यादीवर नावं लिहीत पळत होता आणि मी त्याच्यामागं, एक चप्पल हातात घेऊन, कारण तिचा अंगठा नेमका तेव्हा तुटला. लांबून पाहिलं तर सगळं जंगल घरात पाहुणे यायचेत असं आवरून उभं होतं.

अकराचे बारा झाले तेव्हा गाडी आली. मंडळ अधिकारी, एक वनरक्षक, आणि पांढऱ्या शर्टातला लेआउटवाला. अधिकाऱ्यांच्या हातात पंचनामा छापूनच आणलेला होता, खाली फक्त सह्यांची जागा. तो कुणी टाइप केला, ते मला माहीत नाही. त्यांनी तो हातात धरून समोर पाहिलं, घाम पुसला, पुन्हा कागदाकडं पाहिलं. झाडं नाहीत असं लिहिलेला कागद घेऊन एवढ्या झाडांत उभं राहणं सोपं नसावं. शेवटी त्यांनी कागद पालथा केला, राकेशकडून पाठीला पुठ्ठा मागितला आणि कोऱ्या बाजूला पेनानं लिहायला सुरुवात केली.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मला हवं ते सांगता येईल. फाइल वर गेली आहे, निकाल अजून नाही. खांब उभे आहेत, तार ओढलेली नाही. बोर्डावरच्या तलावात गावच्या पोरांनी मासे काढलेत. मी नव्हे, मी तेव्हा इथं देवरुखात होते.

अधिकारी झाडाझाडाशी थांबले. कोणाचं, कधीपासून, काय घेता? बायका सांगत होत्या, माह्या सासूचं, तिच्या सासूचं. एका आजींनी फुलं, तेल, पानं, सरपण सांगितल्यावर "अन् सावली" असंही सांगितलं आणि ते लिहिल्याशिवाय त्यांना पुढं जाऊ दिलं नाही. कागद संपले. राकेशनं दुकानातून गठ्ठा आणला. लेआउटवाल्यानं गॉगल काढला, घातला, काढला.

दोन वाजून गेले तेव्हा शेवटच्या झाडाशी आलो. दोन खांद्याचा मोह, तिथल्या सगळ्यांत मोठा. त्याच्याखाली टोपली न घेता प्रणाली उभी होती. तिला तिथं सकाळी मामींनी उभं केलं होतं, दंडाला धरून.

"ही पोरगी गावची नाहीच साहेब," लेआउटवाला पुढं आला. "नागपूरची आहे. हेच सांगतोय मी, बाहेरचे लोक येऊन हे करून राहिले."

अधिकाऱ्यांनी तिला नाव विचारलं. तिनं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी ते लिहिलं आणि विचारलं, "राहणार?"

 बेलपांढरी म्हणाली असती तर कुणी तपासणार नव्हतं. तिनं मामीकडं पाहिलं, मग जमिनीकडं, आणि म्हणाली, "राहणार हुडकेश्वर. खोटं लिहू नका."

लेआउटवाला हसला. मामी आपलं झाड सोडून चालत आल्या. त्यांनी आधी पदरानं तोंड पुसलं.

"साहेब, हे झाड तिच्या मायचं हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूनं लेकीले देल्लं होतं. लगन होऊन लेक गेली, झाड कोठी गेलं? येवढी वर्सं मी तिच्या नावानं येचून ठेवतो. माय नाई आता, तं पोरीचं. लिहा."

अधिकाऱ्यांनी पेन झटकलं. मग एका दमात एक ओळ लिहिली. पंचनामा वाचून दाखवायचा असतो, तसा त्यांनी तो उभ्यानं सगळ्यांना वाचून दाखवला, पहिल्या नावापासून. ऊन कलत होतं, कुणी हललं नाही. सगळ्यांत शेवटी ती ओळ आली. प्रणाली मामीच्या खांद्यात तोंड घालून रडत होती आणि मामी तिला उगी म्हणत नव्हत्या, कारण त्याही रडत होत्या, त्यामुळं ती ओळ त्या दोघींनी ऐकली की नाही देव जाणे. मी ऐकली. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, आडनाव, आणि पुढं: राहणार हुडकेश्वर, झाड बेलपांढरी.